हजेरीपटावरचं नाव

जिल्हा परिषदेच्या भरतीत माझी निवड महिलांसाठी राखीव असलेल्या तीस टक्के जागांतून झाली. कंत्राटी ग्रामसेवक म्हणून मी बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात रुजू झाले आणि नोकरीची बरीच वर्षं तलवाड्यात बिऱ्हाड करून आसपासच्या गावांचा कारभार पाहिला. त्वरितादेवीच्या टेकडीमुळे तलवाडा साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. कापूस, बाजरी आणि कालव्याचं पाणी पोचतं तिथं ऊस, अशी इथली शेती. दसरा-दिवाळी उरकली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघणारी माणसंही इथलीच. बाईच्या कामाला दाम किती आणि तो कोणाच्या हातात पडतो, हे मी याच भागात राहून शिकले.

रुजू झाल्यावर सुरुवातीला एक वाक्य मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू आलं, “तुमचं बरंय मॅडम, तुम्ही आरक्षणातून आलात.” बोलणाऱ्याच्या मनात दरवेळी खोट असायचीच असं नाही. पण महिलांच्या राखीव जागा म्हणजे नक्की काय, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. १९९४ साली महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं आणि शासकीय नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के जागा मिळू लागल्या. हे समांतर आरक्षण आहे. म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या ज्या जागा असतील, त्यातल्याच ३० टक्के त्या प्रवर्गातल्या महिलांच्या. परीक्षा तीच, प्रश्नपत्रिका तीच, तपासणारं यंत्रही तेच. पात्र महिला मिळाली नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाकडे जाते, पुढच्या भरतीसाठी राखून ठेवली जात नाही. बाईने परीक्षा द्यायची, यादीत बसण्याइतके गुण मिळवायचे, मगच ती जागा तिची.

तरीही त्या राखीव जागांनी माझ्यासाठी जे केलं ते गुणांच्या हिशोबात मावणारं नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींची लग्नं बारावीच्या आतच झाली. माझ्यासाठीही स्थळं बघणं सुरू होतं. भरतीची जाहिरात आली, तिच्यात महिलांच्या जागांचा रकाना वेगळा छापलेला होता. वडिलांनी तो रकाना बोटाने दाखवला आणि म्हणाले, “बायांच्या जागा हायेत म्हणजे घेत असतील. भर तू फॉर्म.” त्या रकान्याआधी मुलीची नोकरी हा विषय आमच्या घरात निघालाच नव्हता. राखीव जागा पुढे कामी येते ती निवड यादीत. त्याआधी ती घरातल्या कर्त्या माणसाला सांगते की या कामाला बाई अपेक्षित आहे. बीडसारख्या जिल्ह्यात हे सांगणं निवडीइतकंच मोलाचं आहे.

पगाराचा प्रश्न तर आलाच नाही. माझ्यासोबत रुजू झालेल्या पुरुषाला जेवढं मानधन, तेवढंच मला. पुढे नियमित झाल्यावर वेतनश्रेणीही तीच. त्यासाठी मला कोणाशी भांडावं लागलं नाही की कायद्याचं पुस्तक उघडावं लागलं नाही. पद एक होतं, दर छापलेला होता आणि त्यापुढे माझं स्वतःचं नाव होतं. या तिन्ही गोष्टींची किंमत मला कळली ती रोजगार हमीच्या कामावर आणि नंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या दारात.

२०१२-१३चा दुष्काळ मराठवाड्यातला कोणी विसरणार नाही. मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या, जनावरं छावण्यांत गेली. त्या वर्षी रोजगार हमीच्या कामाला जी मागणी आली ती हाताळताना दिवस पुरत नव्हता. रोजगार हमी हे महाराष्ट्राने देशाला दिलेलं देणं आहे. वि. स. पाग्यांनी ती कल्पना मांडली, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. बाई-गड्याला सारखा दर हे तिचं पहिल्यापासूनचं सूत्र होतं. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. ती सांगायची की सरकारी कामावर बाईचं नाव वेगळं पुकारलं जायचं, तिच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच. २००५ साली केंद्राने कायदा केला, त्यात काम मिळणाऱ्यांत किमान एक-तृतीयांश महिला हव्यात असा नियम आला आणि १९७६च्या समान वेतन कायद्याचं पालनही बंधनकारक झालं.

नियम एवढे स्पष्ट असले तरी ते कामाच्या जागेपर्यंत आपोआप चालत येत नाहीत. कामाची मागणी नमुना ४ वर करायची असायची. घरातला पुरुष यायचा आणि म्हणायचा, “माझं एकट्याचं लिहा, ती येतीच माझ्यासंगं.” ती येणार हे खरंच होतं. पण मागणी तिच्या नावाने नसेल तर पंधरा दिवसांत काम मिळण्याचा हक्क तिचा नाही, काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्कही तिचा नाही आणि हजेरीपटावर ती नाही. म्हणून मी आग्रह धरला की बाईने स्वतः यावं, स्वतः अंगठा किंवा सही करावी. बाया आल्या. डोक्यावरचा पदर सावरत, एकमेकींना पुढे ढकलत आल्या आणि ज्यांना सही येत होती त्यांनी ती ठळक केली.

त्या वर्षी मजुरीचा दर १४५ रुपये होता. पण दर १४५ म्हणजे प्रत्येकाच्या हातात १४५ पडतात असं नाही. रोजगार हमीची मजुरी कामाच्या मोजमापावर ठरते. नाल्याचं किंवा शेततळ्याचं काम असलं की गडी खोदतो आणि बाई टोपल्याने माती वाहून काठावर टाकते. तांत्रिक सहायक मोजायला येतो तेव्हा खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली भरतो. माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली याचे स्वतंत्र दर असतात, त्यांना लीड आणि लिफ्ट म्हणतात. ते रकाने कोरे राहिले तर बाईने दिवसभर वाहिलेल्या मातीचे पैसे मोजमाप पुस्तिकेत येतच नाहीत. सगळ्या गटाची मजुरी घसरते आणि वर ऐकायला मिळतं, “बायांमुळं माप भरलं नाही.”

हे ध्यानात आल्यावर मी मोजणीच्या वेळी टेपचं एक टोक बायांच्या हातात द्यायला लावलं. काठापासून मातीच्या ढिगापर्यंतचं अंतर त्या मोठ्याने सांगायच्या आणि तो आकडा तिथल्या तिथे लिहिला जायचा. ज्या आठवड्यांत लीड-लिफ्ट नीट लिहिलं गेलं त्या आठवड्यांत गटाची मजुरी दराच्या जवळ पोचली. कोणाला काही जास्तीचं दिलं नव्हतं. केलेलं काम लिहिलं होतं, एवढंच.

मजुरी खात्यावर जमा व्हायची तेव्हा पुढचा पेच यायचा. जॉब कार्ड कुटुंबाचं असायचं, केंद्राच्या त्या कायद्याने दिलेले १०० दिवस कुटुंबाचे असायचे आणि खातं बहुतेक घरांत नवऱ्याचं. बाईची हजेरी लागली, मजुरीही सारखी आली आणि जमा झाली ती मालकाच्या खात्यावर. बायांची खाती उघडायला मी त्यांना बँकेत, पोस्टात घेऊन जात असे. एका मावशीने पासबुकातला आकडा मला वाचायला लावला. नवऱ्याला पडले तेवढेच पैसे आपल्यालाही पडलेत हे ऐकून ती माझ्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, आमच्या मालकाला सांगू नका, दोघाला सारखेच आले म्हणून. तेन्ला राग यील.” सारखा दर तिच्या खात्यावर पोचला होता. तो आपल्याला मिळतो हे घरात उघड म्हणण्याची मोकळीक तिला कायद्याने दिलेली नव्हती. पण तिने खातं बंद केलं नाही, पुढच्या कामावरही ती आली आणि येताना जावेला घेऊन आली.

सरकारी कामावर हा दर होता, तर शेतात काय चित्र होतं? आमच्या भागात बाईचा रोज गड्याच्या रोजाच्या निम्म्याच्या आसपास असायचा. विचारलं की दोन उत्तरं मिळायची. एक, गड्याचं काम जड. दुसरं, बाई अकराला येते, गडी आठला. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे. बाई अकराला येते, कारण तोवर तिने पाणी भरलेलं असतं, भाकऱ्या थापलेल्या असतात आणि त्या आठला गेलेल्या गड्याच्या डब्याचीही सोय केलेली असते. तास कमी म्हणून थोडे पैसे कमी, हे समजू शकतं. पण तासांचा फरक आणि दामाचा फरक यांचा मेळ कधीच बसत नव्हता. पहिल्या उत्तराबद्दल कायदा फार स्पष्ट आहे. काम अगदी तेच असलं पाहिजे असं तो म्हणत नाही, समान स्वरूपाचं काम असलं तरी वेतन समान हवं. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. कामातले बारीकसारीक फरक दाखवून स्त्रीला कमी वेतन देता येणार नाही, आणि कंपनीला परवडत नाही हेही कारण चालणार नाही.

डिकोस्टाबाईंना हा खटला लढता आला, कारण कंपनीच्या कागदांत त्यांचं नाव, पद आणि पगार होता आणि पुरुष स्टेनोग्राफरचाही होता. दोन आकडे शेजारी ठेवता आले. खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या रोजाची नोंद कोणाच्याच वहीत नसते. कापूस वेचणीला किलोवर पैसे मिळतात, तिथे दर बाईला आणि गड्याला सारखाच. पण वेचणीला गडी सहसा जात नाही, त्यामुळे त्या कामाचा दर काय असावा यावर गावात कधी बोलणंच होत नाही. रोजगार हमीची कामं जोरात होती तेव्हा मात्र बदल दिसला. शेतात बोलवायला आलेल्या माणसाला बाया म्हणू लागल्या, “तिकडं एवढे मिळत्यात, तुमी किती देता?” आणि त्या हंगामात खुरपणीचा रोज वाढला. शेतकरी माझ्याकडे तक्रार घेऊन आले. त्यांची अडचण खरी होती, दुष्काळ त्यांच्याही शिवारात होता. तरी बाईच्या हातात घासाघीस करायला एक आकडा आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली आणि आजही वाटते.

ऊसतोडीचा हिशोब यापेक्षा वेगळा आहे आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. तोडणीला जोडपं जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. फडात पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. त्याआधी पहाटे उठून स्वयंपाक आणि नंतर खोपीवर परत येऊन पुन्हा स्वयंपाक. पैसे टनावर मिळतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही टनावरच. एक जण एकटाच गेला, मग तो गडी असो की बाई, तर तो अर्धा कोयता.

म्हणजे हिशोबात बाई पुरी अर्धी धरलेली आहे. शेतात तिचा रोज निम्मा, पण उसाच्या फडात तिचं काम गड्याच्या बरोबरीचं मानलं जातं, मुकादमालाही आणि साखर कारखान्यालाही. समान वेतनाची मोजणी तिथे आधीच झालेली आहे. आणि तरी तिच्या हातात तिचा म्हणून एक रुपया पडत नाही, कारण उचलीच्या चिठ्ठीवर अंगठा नवऱ्याचा असतो. नवरा वारला किंवा टाकून गेला तर त्या बाईला मुकादम सहजासहजी उचल देत नाही, तिला भाऊ नाहीतर दीर जोडीला शोधावा लागतो. उचल फिटली नाही तर मात्र पुढच्या हंगामात ते कर्ज तिलाही फेडावं लागतं. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. तो बाळंतपणालाही लागतो आणि पाळीच्या दुखण्यालाही.

याचा शेवट कुठे होतो ते २०१९ साली साऱ्या राज्याने पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या शस्त्रक्रियांमागे कारणं अनेक आहेत: कमी वयातली लग्नं, फडावर ना पाणी ना संडास, खासगी दवाखान्यांनी घातलेली कॅन्सरची भीती. पण ज्या बाईला मजूर म्हणून कोणी नोंदलेलंच नाही, तिला पगारी सुट्टी कोण देणार, बाळंतपणाची रजा कोणाकडे मागायची आणि खाड्याविरुद्ध दाद कुठे मागायची? हजेरीपटावर नाव नसण्याची किंमत बाईच्या शरीराने मोजली आहे.

म्हणून २०२१ नंतर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं काम आम्हा ग्रामसेवकांकडे आलं, तेव्हा मी ते फार मनापासून केलं. दारोदार एकच बोलणं व्हायचं. “मॅडम, कार्ड एकच काढा. कोयता एकच हाय ना?” मी सांगायचे, कोयता एक असला तरी मजूर दोन आहेत, कार्डं दोन निघतील. काही घरांत हे लगेच पटलं. काही घरांत सासूबाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, “काढू द्या तिचं. आमचं कोणी काढलं नव्हतं.” एका घरी बाई फोटो काढायला उभी राहिली आणि तिने विचारलं, “कामगार म्हणून माझं नाव? का ह्यांची बायको म्हणून?” मी फॉर्मवरचा रकाना तिला वाचून दाखवला. व्यवसाय, ऊसतोड कामगार. तिने तो पुन्हा वाचायला लावला.

ओळखपत्राने तिची मजुरी लगेच वेगळी झाली नाही, हे मी जाणून आहे. मुकादमाची वही अजून तशीच आहे. पण ज्याला हक्क मागायचा त्याला आधी आपण कोण हे सिद्ध करावं लागतं, आणि तो पहिला कागद आता हजारो बायांकडे आहे.

समान वेतनाचा कायदा मात्र जुना आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये भारत सरकारने समान वेतनाचा अध्यादेश काढला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. १९७५मध्येच २४ ऑक्टोबरला आइसलँडमधल्या बायांनी घरचं आणि बाहेरचं सगळं काम एक दिवस थांबवलं होतं. त्या देशाने २०१८पासून असा कायदा लागू केला की २५ किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या संस्थेने आपण समान वेतन देतो हे स्वतः सिद्ध करायचं. तक्रार करण्याचा भार बाईवरून निघून नोंद ठेवण्याचा भार मालकावर गेला. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू झाली आणि १९७६चा कायदा तिच्यात सामावला. भरतीत आणि वेतनात लिंगावरून भेद करायचा नाही, हे संहितेतही आहे. त्यापुढे जाऊन आपण आइसलँडसारखी पुढची पायरी चढायला हवी. कागद कोणी ठेवायचा ते ठरवायला हवं.

या सगळ्या वर्षांतून माझ्या हाती एक गोष्ट लागली. राखीव जागा आणि समान वेतन हे दोन वेगळे विषय म्हणून बोलले जातात, पण बाईच्या आयुष्यात ते एकाच रांगेत येतात. आधी तिचं नाव लिहिलं जावं लागतं, मग त्या नावापुढच्या आकड्याबद्दल बोलता येतं. रोजगार हमीच्या एक-तृतीयांश नियमाने तिचं नाव हजेरीपटावर आणलं, म्हणून सारखा दर तिला लागू झाला. भरतीतल्या तीस टक्क्यांनी माझं नाव यादीत आणलं, म्हणून माझा पगार सारखा राहिला. ऊसतोडीत नावच नाही, म्हणून कष्ट बरोबरीचे असूनही दाम शून्य.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती ज्यांच्या हाती हे काम आहे त्या सर्वांना आहे. मुकादमाने उचलीच्या चिठ्ठीवर नवरा आणि बायको अशी दोन नावं घ्यावीत. कारखान्याने तोडणीचा हिशोब दोघांच्या दोन खात्यांवर अर्धा-अर्धा जमा करावा, दर तर ठरलेलाच आहे. पुढचा करार करताना कामगार संघटनांनी दरवाढीआधी ही अट मांडावी आणि करारावर सह्या करायला तोडणी करणाऱ्या बायाही बसवाव्यात. आणि वाचकहो, तुमच्या शेतात, दुकानात, संस्थेत रोजाने येणारी बाई असेल तर तिच्या नावाची वही आजपासून ठेवा, तिच्या शेजारी गड्याचा आकडाही लिहा. दोन्ही आकडे एकदा शेजारी आले की पुढचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच टाळता येणार नाही.